गोधडीखालचा भात

माझ्या वहिनीचं डोकं फिरलंय हे मी एकतीस वर्षं सांगत आले, आणि बेटावरच्या एकाही माणसानं मला कधी खोटं पाडलं नाही. तिच्या चर्चमधल्या बायकांनीसुद्धा नाही. त्या नुसत्या मान खाली घालायच्या आणि म्हणायच्या, "दालसुनबाईंची श्रद्धा फार मोठी." श्रद्धा कसली डोंबलाची. हट्ट म्हणतात त्याला.

मी इंचॉनच्या बंदरात माशाच्या रश्श्याची खाणावळ चालवते. दुपारच्या गर्दीत कुणी फोन केला की मी शिव्या घालते, हे माझ्या धाकट्या भावाला, सॉकथेला, चांगलं ठाऊक आहे. तरी त्यानं त्या दिवशी ऐन गर्दीत फोन केला.

"ओकबुन ताई, थोरल्या दादाबद्दल कागद आलाय."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "काय म्हणतात?"

"सरकारनं उत्तरेकडे चौकशी केली होती ना, त्याचं उत्तर. सदर व्यक्तीची माहिती मिळू शकत नाही. बस, एवढंच."

"म्हणजे मेला."

"मेलाच. आता येत्या नवमीला उरकून टाकू. तू ये. तुझ्याशिवाय ती बाई कुणाला भीत नाही."

ती मलाही भीत नव्हती, पण हे सॉकथेला कशाला सांगू. मी येते म्हटलं.

नवव्या महिन्याची नवमी म्हणजे आमच्याकडे ज्याच्या मरणाची तारीख माहीत नाही त्याचा दिवस. समुद्रात गेलेले, लढाईत गेलेले, कुठं पडले कुणाला ठाऊक नाही असे सगळे त्या दिवशी दुपारी जेवतात. आमच्या बेटावर त्या दिवशी घरटी एक नैवेद्याचा पाट असतो. फक्त आमच्याच घरात नव्हता, कारण आमच्या घरात दालसुन वहिनी होती.

आमचा थोरला, सॉकगू दादा, ज्या हिवाळ्यात गेला, त्या हिवाळ्यात मी अठरा वर्षांची होते. नऊ जणांची होडी मासे धरायला गेली आणि सरहद्दीपलीकडच्या, उत्तरेच्या गस्तीच्या बोटीनं ती ओढून नेली. वर्षभरानं सहा जण सुटून आले. तिघं तिकडेच राहिले, त्यात दादा. जे आले त्यांनी सांगितलं की तिघांना आधीच वेगळं काढलं होतं, पुढचं आम्हाला माहीत नाही.

होडी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनी पहाटेच्या प्रार्थनेहून घरी आली. डोक्यावर बर्फ, तोंडावर हसू. माझी आई चुलीपाशी रडत बसली होती. वहिनी म्हणाली, "आई, देवानं मला शब्द दिलाय. या घरचं माणूस न माणूस दारात आणीन म्हणाला."

आईनं नाक पुसलं. "किती दिवसांत?"

"ते नाही सांगितलं."

"जे विचारायचं तेवढंच विसरलीस," आई म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

त्या संध्याकाळपासून वहिनीनं दादाचा भात वाढून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे तशी आमच्याकडे रीतच आहे. बाहेर गेलेल्या माणसाचा भात त्याच्या पितळेच्या वाटीत भरायचा, झाकण लावायचं आणि चुलीकडच्या बाजूला, जिथं चुलीची धग जमिनीखालून जाते आणि खोलीची जमीन सगळ्यात जास्त तापते, तिथं गोधडीखाली ठेवून द्यायचा. कितीही उशिरा आला तरी माणसाला गरम घास मिळतो. पण त्याला काही मर्यादा असते की नाही? माणूस आठ दिवस बाजाराला गेला तर आपण आठ दिवस ठेवू. ही बाई एकतीस वर्षं ठेवत होती. रोज संध्याकाळी गरम भात भरायचा, दुसऱ्या दिवशी तोच शिळा स्वतः खायचा. तिनं म्हणे लग्नानंतरची दोन वर्षं सोडली तर ताजा भात खाल्लेलाच नाही. पोरं रस्त्यात तिच्यामागून ओरडायची, "काकी, काका जेवले का?" ती वळून सांगायची, "येतीलच."

हे सगळं मी सोडून दिलं असतं. वेड्याच्या घरी वेड्याची रीत. पण तिनं माझं जे केलं ते मी सोडणार नाही.

त्या काळात ज्याचा माणूस उत्तरेत त्याच्या घरावर सरकारची नजर असायची. दर महिन्याला एक साध्या कपड्यातला माणूस यायचा, पडवीत बसायचा, पत्र आलं का, रेडिओ ऐकता का, प्रार्थनेत काय मागता, सगळं लिहून न्यायचा. आमच्याशी बोलायला शेजारी घाबरायचे. मी चोवीस वर्षांची असताना मला एक स्थळ सांगून आलं. मुलगा रेल्वेत लागणार होता, बोलायला मऊ, मला तो आवडला होता, लाजायचं काय त्यात. त्याची आई म्हणाली, मुलीचा भाऊ उत्तरेत जिवंत असेल तर माझ्या मुलाची नोकरी जाईल. पाच वर्षं उलटलीत, त्याला कायद्यानं मेलेला नोंदवा, मग आपण साखरपुडा करू.

कागद तयार झाला. आईनं सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारला, सॉकथेनं मारला. बायकोचा शिक्का राहिला होता. वहिनीनं आपला शिक्का मुठीत धरला आणि म्हणाली, "जिवंत माणसाला मी मेला कसं लिहू?"

मी तिचे पाय धरले. खरंच धरले, दोन्ही हातांनी. ती माझ्याबरोबर रडली, पण मूठ उघडली नाही.

स्थळ मोडलं. पुढच्या महिन्यात मुलानं दुसरीकडे लग्न केलं. मी त्या रात्रीचं जेवण न जेवता बोचकं बांधलं आणि उंबऱ्यावर उभी राहून सांगितलं, "या घरच्या अन्नाला मी पुन्हा शिवले तर माझं नाव ओकबुन नाही." पुढं आई गेली तेव्हा मी आले, माती दिली आणि त्याच बोटीनं परत गेले. पाणीसुद्धा तिथलं प्यायले नाही. लग्न मग केलंच नाही. खाणावळ केली. रोज दीडशे माणसांना जेवू घालते आणि त्यातला एकही मला विचारत नाही की तू जेवलीस का.

तर नवमीच्या आदल्या दिवशी मी बेटावर उतरले. धक्क्यावर बायका बसल्या होत्या, मधे जाळ्यांचा ढीग, आणि सगळ्या जाळ्यातून खेकडे सोडवत होत्या. वहिनी त्यांच्यात होती. पंचावन्न वर्षांची बाई सत्तरची दिसत होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला बघून उठली.

"वन्सं, आलात. जेवून आलात?"

"मी इथं जेवत नाही, विसरलीस?"

"विसरले नाही. म्हणून तर विचारते."

"तुझ्या नवऱ्याचं करायला आलेय. उद्या."

तिनं एका खेकड्याची नांगी कात्रीनं कापली आणि तो टोपलीत टाकला. "माझा नवरा काय मेलाय?"

"कागद आलाय ना."

"वाचला की. माहिती मिळत नाही म्हणतात. मिळत नाही म्हणजे त्यांना मिळत नाही."

शेजारची एक म्हातारी, तोंडात एकही दात नसलेली, म्हणाली, "मग तुझ्या देवाला मिळत असेल. त्यालाच म्हणावं, होडीत घालून आण. आम्ही पण बघतो."

बायका हसल्या. मीही हसले.

"म्हणते की," वहिनी म्हणाली. "रोज पहाटे म्हणते. आज तर भांडलेच त्याच्याशी. म्हटलं, शब्द तुझा आहे, माझा नाही. खोटा पडला तर लाज कुणाची जाईल ते तूच बघ."

हे ती असं म्हणाली जसं शेजारणीशी बांधावरून बोलणं झालं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही माणसं तिच्या पाया पडून थकलो आणि ही देवाला दम देते.

रात्र मी सॉकथेकडे काढली. सकाळी त्याच्या बायकोनं आणि मी मिळून सगळं रांधलं. मासे, मुळ्याचा रस्सा, पेअर, सोललेले चेस्टनट. पाट मांडायचा तो थोरल्याच्या घरातच मांडावा लागतो, म्हणजे वहिनीच्या घरात. तिनं दार लावून घेतलं तर फोडायचं, असं सॉकथे ठरवूनच आला होता. त्याच्या होडीची दोन वर्षांत दोन इंजिनं बिघडली, पाठ धरली, आणि एका देवर्षिणीनं सांगितलं की घरातला उपाशी मेलेला दारात उभा आहे. त्याला आता काही ऐकायचं नव्हतं.

पण दार उघडंच होतं. आत चर्चचे नवे पाळक बसले होते. तरुण माणूस, सोलहून आलेला, घडीचे कपडे. सॉकथेनं त्यांनाही बोलावलं होतं, म्हणजे वहिनीला दोन्हीकडून धरता येईल.

"ताई," पाळक तिला सांगत होते, "आपण वाकून नमस्कार नको घालूया, भातात चमचा नको खोवूया. दोन गीतं म्हणू, मी प्रार्थना करीन. त्यांना प्रभूच्या हाती सोपवू. देवाच्या इच्छेपुढं मान तुकवणं हीसुद्धा श्रद्धाच आहे."

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. "पाळकसाहेब, तुम्ही पाच वर्षांपूर्वी कुठं होतात?"

"मी तेव्हा शिकत होतो."

"मी तेव्हा सव्वीस वर्षं वाट बघितलेली होती. देवापुढं मान रोज तुकवते. या कागदापुढं का तुकवू? कागद काय त्यानं पाठवलाय?"

"मंडळीतल्या लोकांना त्रास होतो, ताई. विचारतात, इतकी प्रार्थना करून देव ऐकत नाही, मग आमचं काय ऐकणार."

"मग त्यांना सांगा, मी अजून मागतेय. मेल्यावर थांबेन."

पाळकांनी रुमाल काढला. बिचाऱ्याला घाम फुटला होता. मला त्याची कीव आली आणि तिचा आणखी राग आला.

सॉकथेनं पाट मांडला. तिनं अडवलं नाही. मासे ठेवले, फळं ठेवली, दारू ओतली. शेजारपाजारचे दहाबारा लोक दारात गोळा झाले होते. मी भाताची वाटी आणून मधे ठेवली आणि झाकण काढलं. मेलेल्याच्या भातात चमचा उभा खोवतात. लहानपणी आम्ही खेळता खेळता तसा खोवला की आई हातावर फाडकन मारायची, जिवंत माणसाच्या भातात असं करू नये म्हणून. सॉकथेनं चमचा उचलला, भातात उभा केला आणि दोन पावलं मागं सरकून वाकायला लागला.

वहिनी उठली. शांतपणे आली, पाटापुढं मांडी घालून बसली, तो चमचा उपसला आणि त्याच चमच्यानं भात खायला लागली.

सॉकथे अर्धा वाकलेला तसाच राहिला. ती खात होती. एक घास, दुसरा घास, मधे माशाचा तुकडा. "मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

सॉकथेनं तिच्या हातावर फटका मारला. चमचा भिंतीवर जाऊन आदळला. "बाई आहेस का कोण आहेस? माझा भाऊ उपाशी मेला आणि त्याचं ताट तू खातेस?"

"ते येतील तेव्हा त्यांना ताजं करून घालीन," ती म्हणाली. हात लाल झाला होता. "हे मेलेल्याचं होतं. या घरात कुणी मेलेलं नाही, मग वाया कशाला घालवायचं?"

तेव्हा माझं डोकं सणकलं. पंचवीस वर्षं पोटात धरलेलं सगळं वर आलं. चमचा काय फेकता, मला वाटलं, हिचं मूळच उपटलं पाहिजे. ती जी एक वाटी हिनं एकतीस वर्षं पोसली, ती या सगळ्यांच्या देखत अंगणात आपटून चेपून टाकते, मग बघू कुणाचा भात ठेवते ही.

"थांब," मी म्हटलं. "तुझ्या देवाचा शब्दच बाहेर आणते."

मी आतल्या खोलीत गेले. तीच खोली, तोच वास, चुलीकडच्या कोपऱ्यात तीच गोधडी, ठिगळांवर ठिगळं लावलेली. तिचा कालचा भात अजून तिथंच असणार होता, सकाळपासून आमच्या गडबडीत तिला खायला वेळच मिळाला नव्हता. मी गोधडी ओढली.

खाली दोन वाट्या होत्या.

एक दादाची, मोठी, रुंद. दुसरी लहान, आणि तिच्या झाकणाला एका बाजूला पोचा होता. तो पोचा मी पाडलेला. मी आठ वर्षांची असताना दादानं माझा मासा पळवला म्हणून ती वाटी मी त्याच्या डोक्यात घातली होती. त्याला टेंगूळ आलं आणि झाकणाला पोचा, आणि दोन्हीबद्दल मार मला पडला.

मी खाली बसले. दोन्ही वाट्यांना हात लावला. खालून जमीन तापत होती, वाट्या कोमट होत्या.

वहिनी मागून येऊन दारात उभी राहिली होती.

"मी गेल्यावर ही आईनं भंगारवाल्याला दिली होती ना," मी म्हटलं.

"दिली होती. मी त्याच्या मागं धक्क्यापर्यंत धावले. माझी वाटी दिली आणि ही आणली."

"कधीपासून ठेवतेस?"

"तुम्ही बोचकं बांधून गेलात त्या संध्याकाळपासून."

"मी काय उत्तरेत होते? इंचॉनला होते. फोन करायचास."

"केला होता, तीनदा. माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून द्यायचात."

ते खरं होतं. मी विषय बदलला. "मी तिथं भात विकते. उपाशी नव्हते."

"ठाऊक आहे." ती उंबऱ्यावर टेकली. "पण वन्सं, शब्द माणूस न माणूस असा होता. एकट्या तुमच्या दादांचा नव्हता. लोकांना वाटतं मी एकाचीच वाट बघते. मी कुणाला सांगितलं नाही. तुमचं नाव निघालं असतं तर तुम्हीच येऊन वाटी चेपून टाकली असतीत."

"चेपायलाच आलेय."

"हो, ते दिसलंच."

मला तिला खूप बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं घोकून ठेवलेलं सगळं. त्यातलं एकच तोंडातून आलं. "तुझ्या त्या शिक्क्यापायी माझा संसार गेला, वहिनी."

"हो," ती म्हणाली. "गेला. तो मी घालवला. त्यांना उत्तरेच्या लोकांनी नेलं, तुम्हाला मी घालवलं. म्हणून पहाटे आधी तुमचं नाव घेते, मग त्यांचं."

तिनं माफ करा म्हटलं असतं तर मी वाटी खरंच आपटली असती. ती तसं काही म्हणाली नाही. शिक्का मारायला हवा होता, असंही म्हणाली नाही. आजही तो कागद पुढं आणला असता तर तिनं मूठ मिटूनच धरली असती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. अशा बाईचं करायचं काय, सांगा मला कुणीतरी.

बाहेरून सॉकथे ओरडला, "ताई, आणतेस ना बाहेर?"

मी झाकण काढलं. वहिनीनं माझा चमचा पुढं केला. तोही तिनं जपून ठेवला होता, दांडीवर माझं नाव कोरलेला. मला देव दिसला वगैरे काही नाही, उगाच कुणी चर्चमध्ये जाऊन सांगू नका. मला भूक लागली होती. सकाळपासून राबून पोटात काही नव्हतं. एवढंच.

"गप बस," मी बाहेर ओरडून सांगितलं. "जेवतेय."

वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि छताकडे बघून, उरलेल्या मालाची दुकानदाराला आठवण करून द्यावी अशा आवाजात म्हणाली, "एक आलं. एक राहिलंय."

मी गोधडी उचलली आणि दादाची वाटी नीट झाकली. उघडी राहिली तर निवते.

भात पार मऊ पडला होता, चवीला काही राहिलं नव्हतं. माझ्या खाणावळीत असा कुणाला वाढला तर तो वाटी परत करील. मी तिला तसं सांगितलं.

"रोज चांगलाच असतो, वन्सं," ती म्हणाली. "तुम्हीच यायला उशीर केलात."